शिकाऊ हाताची चूक कुणाच्या खात्यावर?

उत्साही : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली किंवा पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "सर, क्लाउड शिकू का?" मी दर वेळी हो म्हणतो आणि मनापासून म्हणतो. क्लाउड म्हणजे शेवटी काय? दुसऱ्याच्या मालकीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे, जेवढे वापरले तेवढेच पैसे द्यायचे. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये फाइली साठवायची एसथ्री ही सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसीटू, म्हणजे भाड्याचा संगणक आणला. त्याआधी सर्व्हरवर हात बसवायचा तर सर्व्हर असलेल्या ठिकाणी नोकरी लागावी लागे. आमच्या कॉलेजात एक सर्व्हर होता, पण खोलीला कुलूप आणि किल्ली लॅब असिस्टंटकडे. चार वर्षं मी तो काचेतूनच पाहिला. आज लातूरची एखादी मुलगी जुन्या लॅपटॉपवरून पाच मिनिटांत मुंबईच्या डेटा सेंटरमधला संगणक चालू करते, तासाभराने बंद करते, आणि खर्च येतो एक-दोन रुपये. शिवाय हे काम आता दूर देशातलं राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटरं सुरू केली. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, २०२२ मध्ये हैदराबादेत. गूगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, सरकारी पोर्टलं, सगळ्यांचं बिऱ्हाड हळूहळू तिकडे हलतंय. तिथे माणसं लागणारच. मग ती माणसं आपली मुलं का नसावीत?

साशंक : क्लाउड आहे आणि राहणार आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी शंका पुढच्या उडीबद्दल आहे. क्लाउड वाढतोय, म्हणून सर्टिफिकेट घ्या, म्हणजे नोकरी लागेल. या तीन वाक्यांच्या मध्ये दोन मोठे खड्डे आहेत आणि मुलं त्यात पडताना मी पाहतो. गेली कित्येक वर्षं मी मुलाखती घेतोय. समोर येणाऱ्या मुलाच्या रेझ्युमेवर दोन-तीन सर्टिफिकेटं असतात. मी साधं विचारतो, "वेबसाइट उघडत नाहीये. पहिल्यांदा काय बघशील?" तो सेवांची नावं सांगायला लागतो. लोड बॅलन्सर बघीन, ऑटो स्केलिंग बघीन. मला एवढंच ऐकायचं असतं की साइटच्या नावावरून पत्ता मिळतोय का, त्या पत्त्यापर्यंत पोचता येतंय का, पोर्ट उघडं आहे का, त्या पोर्टवर खरंच काही चालू आहे का, आणि चालू नसेल तर डिस्क भरली म्हणून तर बंद पडलं नाही ना. एका खाली एक अशा पाच पायऱ्या. त्या त्याला कुणी शिकवलेल्या नसतात. त्याने परीक्षा दिलेली असते. ॲमेझॉनची पहिल्या पातळीची परीक्षा म्हणजे नव्वद मिनिटांत ६५ प्रश्न, पर्याय निवडायचे, हजारपैकी सातशे गुण मिळाले की पास. परीक्षेतले प्रश्न डम्प म्हणून फिरत असतात, ते पाठ करून पास होणारेही असतात. त्या मुलाचा मला राग येत नाही. राग येतो तो "शंभर टक्के प्लेसमेंट" अशी पाटी लावून त्याच्या वडिलांकडून हप्त्याने फी घेणाऱ्या व्यवस्थेचा. नोकरी बाजार ठरवतो. तिची हमी क्लास कशाच्या जोरावर देतो?

उत्साही : क्लासच्या पाटीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण सर्टिफिकेट एवढ्यावरून निकालात काढू नका. ज्याच्या घरात, नात्यात, गावात या धंद्यातलं कुणीच नाही, त्याला सुरुवात कुठून करायची हेच कळत नसतं. तुमच्या-माझ्यासारख्यांची मुलं जेवताना आईबापांकडून जे ऐकतात, ते त्याला कोण सांगणार? परीक्षेचा अभ्यासक्रम त्याला एक क्रम देतो : आधी खातं आणि परवानग्या, मग नेटवर्क, मग संगणक, मग साठवण, मग खर्च. पहिल्या परीक्षेची फी शंभर डॉलर, पुढच्या पातळीची दीडशे. रक्कम लहान नाही, पण दुसरी पदवी घेण्यापेक्षा कितीतरी कमी. आणि शिकायला पैसे पडतातच असंही नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर आयआयटी खरगपूरचा क्लाउडवरचा अख्खा कोर्स मोफत बघता येतो, मोठ्या क्लाउड कंपन्या स्वतःचं शिक्षणसाहित्य फुकट देतात. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पुण्यातल्या सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना क्लाउड कंपनीचे भागीदार म्हणून वरचा दर्जा टिकवायचा असतो, आणि त्यासाठी ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं पदरी असावी लागतात. म्हणजे ते प्रमाणपत्र तुमच्या दृष्टीने ज्ञानाचा पुरावा नसेलही, पण एचआरच्या टेबलावर त्याला भाव आहे. त्या जोरावर रेझ्युमे निदान वाचला जातो. वाचलाच गेला नाही, तर तुमच्या पाच पायऱ्या सांगायची वेळ तरी कुठून येणार?

साशंक : तुम्हीच आता सांगितलंत की त्या कागदाची गरज कंपनीला जास्त आहे. मग त्याचं ओझं मुलाच्या खिशावर का? आणि ते ओझं एकदाच उचलून भागत नाही. ॲमेझॉनचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपतं. मायक्रोसॉफ्टच्या मधल्या पातळीची प्रमाणपत्रं दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागतात, फी नसली तरी वेळ जातोच. मधल्या काळात नावंही बदलतात. जे विंडोज अझूर होतं ते २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्ट अझूर झालं. अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी असा जप करत जी मुलं पास झाली, त्यांना २०२३ मध्ये तीच गोष्ट एंट्रा आयडी म्हणून नव्याने ओळखावी लागली. नावं शिकणाऱ्याला सारखं धावावं लागतं. आता जे बदलत नाही ते बघा. ॲमेझॉनवर तुम्ही नेटवर्कचा एक तुकडा पाडला, स्लॅश चोवीसचा. हिशेबाने त्यात २५६ पत्ते असायला हवेत, पण वापरायला मिळतात २५१. परीक्षेला बसणारे सगळे हा आकडा पाठ करतात. पाच गेले कुठे, असं विचारलं की थोडेच सांगतात : पहिला पत्ता त्या नेटवर्कचा स्वतःचा, दुसरा राउटरचा, तिसरा नावं सोडवणाऱ्या डीएनएसचा, चौथा पुढच्या गरजेसाठी राखलेला, आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ज्याला हे "का" कळलं, तो उद्या कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर उभा राहील. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातली ॲपं अडकली. मुळाशी काय होतं? त्यांच्या डेटाबेस सेवेच्या डीएनएसमधली नोंद रिकामी झाली होती. डीएनएस १९८३ सालचं आहे. एवढा मोठा डोलारा, आणि तो अडला चाळीस वर्षं जुन्या गोष्टीपाशी. म्हणून माझं म्हणणं, आधी लिनक्स, आधी नेटवर्क, मग क्लाउड.

उत्साही : "आधी पाया, मग इमारत" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण माणूस असा शिकत नाही. आमच्या मुलांनी नेटवर्कचे सात थर पुस्तकातून घोकलेले असतात. परीक्षेत चौकोन काढून रंगवलेले असतात. एक पॅकेट डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. आणि तुमचा तो पाया त्यांना कळतो कुठे? क्लाउडवरच. मी शिकवतो त्या बॅचमधल्या एका मुलीचं सांगतो. तिने नेटवर्कचे दोन भाग केले, एक बाहेर उघडा, एक आतला, बंद. सर्व्हर आतल्या भागात ठेवला, कारण पुस्तकात तसंच सांगितलं होतं. मग त्या सर्व्हरवर अपडेट उतरवायला गेली तर काहीच हलेना. आदेश दिला की नुसता थांबून राही. पासवर्ड तपासले, परवानग्या तपासल्या, सर्व्हर तीनदा नव्याने केला. तीन तासांनी तिने रूट टेबल, म्हणजे रस्त्यांची यादी, उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की या सर्व्हरला बाहेर जायचा रस्ताच नाही. घराला दार आहे, पण दारापुढे रस्ता नाही. राउटिंग म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते आता ती जन्मात विसरणार नाही. मग तिने मध्ये एक नॅट गेटवे, म्हणजे आतून बाहेर जायची वाट, ठेवलं आणि काम झालं. ते बंद करायला मात्र विसरली. महिन्याच्या शेवटी बत्तीस डॉलरचं बिल आलं. मला फोन करून रडली. पण त्या दिवसापासून ती काहीही चालू करण्याआधी बजेटचा इशारा लावते आणि उठण्याआधी काय काय चालू राहिलंय ते बघते. खर्चाचं हे भान परीक्षेचा कुठला प्रश्न देणार होता?

साशंक : तुमची गोष्ट चांगली आहे, आणि तिच्यातच माझा आक्षेपही आहे. बत्तीस डॉलर म्हणजे अडीच हजारांच्या वरच. त्या मुलीच्या घरी ते खपलं असेल. सोलापुरात विडी वळणाऱ्या आईच्या मुलाकडून ही चूक झाली, तर तो धडा ठरणार नाही. तो घाबरेल आणि क्लाउडचं पान पुन्हा उघडणार नाही. मुळात खातं उघडायलाच कार्ड किंवा बिल भरायचं साधन मागतात, ते त्याने कुणाचं द्यायचं? कंपनीत नवा लागलेला मुलगा कंपनीच्या पैशाने चुकतो. घरी शिकणारा स्वतःच्या पैशाने चुकतो. तुम्ही म्हणता क्लाउडने सर्व्हरच्या खोलीचं कुलूप उघडलं. खरं आहे. पण दुसरी एक गोष्ट त्याच क्लाउडने काढून घेतली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मी लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं रात्रपाळीत टेपा बदलल्या. बॅकअप झाला की वहीत सही करायची. डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की जुने लॉग हलवायचे. पासवर्ड विसरलेल्यांना नवे करून द्यायचे. हलकी कामं होती, पण ती करता करता यंत्र कसं वागतं हे अंगात मुरलं. ती आमची पहिली पायरी. आता बॅकअप आपोआप होतो, डिस्क आपोआप वाढते, डेटाबेसची डागडुजी क्लाउड कंपनी करते. उरलेलं काम सुरू होतं तेच वरच्या पायरीपासून. डेव्हऑप्सच्या, म्हणजे प्रोग्रॅम क्लाउडवर चढवून चालता ठेवायच्या कामाच्या, जाहिराती वाचा, दोन ते चार वर्षांचा अनुभव मागतात. क्लाउडवर काय उभं करायचं ते लिहायची टेराफॉर्मची साधी फाइल आता एआय लिहून देतं, म्हणजे उरलंसुरलं शिकाऊ कामही गेलं. यंत्र हाती आलं आणि पायरी गेली. अशा वेळी "शिका, नोकरी लागेल" असं सांगणं मला जड जातं.

उत्साही : हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. पायरी गेली. पण तुम्ही क्लाउडकडे एक स्वतंत्र नोकरी म्हणून बघताय, आणि मुलंही तसंच बघतात. चूक तिथे होते. नुसता "क्लाउड इंजिनिअर" म्हणून कोऱ्या मुलाला जागा मिळणं अवघड आहे, हे मी माझ्या बॅचलाही सांगतो. पण जावा येणाऱ्या मुलाला आपला प्रोग्रॅम स्वतः क्लाउडवर चढवता आला, तर तो शेजारच्या दहा जावावाल्यांपेक्षा वेगळा दिसतो. टेस्टिंग करणाऱ्या मुलीला चाचणीपुरते दहा संगणक उभे करून काम झालं की मोडता आले, तर तिची किंमत वाढते. हिशेब कळणाऱ्या माणसाला क्लाउडचं बिल वाचता आलं, तर त्याच्यासाठी आता वेगळं कामच तयार झालंय, कारण कंपन्यांचा पैसा तिथे पाण्यासारखा वाहतो. बेसकॅम्प बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि मग आपले सर्व्हर विकत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. बाहेर पडायचं की आत राहायचं हे ठरवायलासुद्धा दोन्हीकडचा हिशेब मांडता येणारा माणूस लागतो. म्हणून मी मुलांना सांगतो, जे येतंय त्याला क्लाउडची जोड द्या. आणि एक गोष्ट सहा महिने चालवून दाखवा. गावच्या ग्रंथालयाची पुस्तकसूची ऑनलाइन करा. तिला खरे वाचक असू द्या. ती कधी बंद पडली, का पडली, कशी उभी केली, हे तारखेनिशी लिहून ठेवा. ती वही हाच तुमचा अनुभव.

साशंक : ग्रंथालयाची सूची दोन दिवस बंद पडली तर कुणाचं काय अडतं? नोकरीतला प्रश्न वेगळा असतो. ९९.९ टक्के वेळ सेवा चालू ठेवू असं कंपनीने ग्राहकाला लिहून दिलेलं असतं. ऐकायला भरभक्कम वाटतं, पण हिशेब केला तर महिन्याला त्रेचाळीस मिनिटं बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हटलं की चार मिनिटं. रात्री तीनला फोन वाजल्यापासून ती मिनिटं सरायला लागतात. अशा वेळी की-बोर्डवर कुणाचा हात असावा हा माझा प्रश्न असतो. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्याच एका जाणत्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने आदेश देताना एक मजकूर चुकीचा भरला. काही थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते, त्याऐवजी खूप जास्त निघाले. एसथ्री चार तासांच्या आसपास कोलमडली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य साइटी बंद पडल्या. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं एक मोठं बिऱ्हाडच पुसलं गेलं, कारण बऱ्याच आधी मांडणी करताना एक रकाना रिकामा राहिला होता. सहा लाखांहून जास्त सभासदांना आपलं खातं दिसेना. हे नवशिके नव्हते. ते चुकतात, तर ज्याने फक्त स्वतःच्या खात्यावर खेळ केलाय त्याच्या हाती मी चावी कशी देऊ? मला ज्ञान कमी पडलं तर चालतं, ते शिकवता येतं. एंटर दाबण्याआधी क्षणभर थांबणारा हात हवा असतो. तो ग्रंथालयाच्या साइटवर तयार होतो का, याची मला खात्री नाही.

उत्साही : पण तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत उत्तरही आहे. ॲमेझॉनने २०१७ च्या घटनेनंतर काय झालं, का झालं हे सगळं उघड लिहिलं. आदेश देणाऱ्या माणसावर ठपका ठेवून ते थांबले नाहीत. हत्यारच बदललं : सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरलेल्या संख्येच्या खाली जाऊच देणार नाही, अशी आडकाठी त्यात घातली. म्हणजे थांबणारा हात उपजत नसतो, तो घडवायची व्यवस्था असते. असे अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. माझ्या मते क्लाउडवरचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही. आणि युनिसुपर वाचलं कशामुळे? त्यांनी आपल्या माहितीच्या प्रती त्या बिऱ्हाडाच्या बाहेर ठेवल्या होत्या. कुणाच्या तरी मनात फार पूर्वी आलं होतं की सगळंच गेलं तर काय. हा विचार करायला शिकवता येतं. मी मुलांना एक काम देतो. आपणच भरलेला डेटाबेस घड्याळ लावून पुसायचा आणि बॅकअपमधून परत उभा करायचा. पहिल्या खेपेला जवळपास सगळ्यांना कळतं की बॅकअप घेतला होता, पण तो कधी उघडूनच पाहिला नव्हता. एकाच्या बॅकअपची फाइल शून्य बाइटची निघाली. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या खेपेला चाळीस मिनिटं लागतात, पाचव्या खेपेला बारा. खेळातली माहिती असली तरी पुसण्याआधी हात थांबायला शिकतो. असा मुलगा तुमच्यापुढे आला तर त्याला घ्याल की नाही?

साशंक : घेईन. लगेच घेईन. पण तो माझ्यापर्यंत येत नाही, हे मला कबूल करायला हवं. आमच्याकडे अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. अनुभवाची वर्षं आणि सर्टिफिकेटांची नावं जुळली तरच पुढे येतो. शून्य बाइटची फाइल पाहून शहाणा झालेला मुलगा त्या चाळणीतून खाली पडतो, आणि डम्प पाठ केलेला वर राहतो. मी मघाशी पाच पायऱ्या न सांगणाऱ्या मुलांबद्दल बोललो. त्यांना माझ्यासमोर आणून बसवणारी चाळणी आमचीच आहे. आता तुम्ही सांगितलंत म्हणून मीही एक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीला मी चालू सर्व्हरवरचं चुकीचं फोल्डर उडवलं. दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीची, एक खरी, आणि मी खऱ्या खिडकीत होतो. हातपाय गार पडले. शेजारी बसणारे सीनियर उठून आले, ओरडले नाहीत. म्हणाले, "आता कशालाही हात लावू नकोस. काय टाइप केलंस ते आधी कागदावर लिही." मग टेपवरून परत आणायला पहाटेचे पाच वाजले. सकाळी साहेबांना त्यांनी सांगितलं, "आमच्या शिफ्टकडून झालं." त्या रात्रीनंतर मी खऱ्या सर्व्हरच्या खिडकीचा रंग लाल ठेवतो, आजही. मी जो काही झालो तो त्या "आमच्या"मुळे. आज नव्या मुलाच्या शेजारी तो सीनियर कुठे आहे? तो घरून काम करतोय, तीन प्रोजेक्टांत वाटला गेलाय, आणि कंपनीला तयार माणूस उद्याच हवाय.

उत्साही : मग आपला मूळ प्रश्नच बदलला. क्लाउड शिकावा की नाही, हे आता फारसं महत्त्वाचं उरलं नाही. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणार कोण आणि त्याच्या चुकीचं बिल भरणार कोण, हा प्रश्न आहे. आणि तो आपल्याला अनोळखी नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आयटीआय झालेला पोरगा अप्रेंटिस म्हणून लागायचा. लेथवर त्याने बिघडवलेले नग भंगारात जायचे, आणि तो तोटा कारखाना सोसायचा. त्यासाठी १९६१ पासून कायदा आहे, विद्यावेतनाचा काही भार सरकारही उचलतं. आयटीमध्येही हे झालंय. इन्फोसिसने नव्या पदवीधरांना महिनोन्‌महिने शिकवायला म्हैसूरला अख्खं केंद्र उभारलं. म्हणजे या धंद्याला शिकवणं ठाऊक आहे. मग क्लाउडच्या कामात प्रत्येक टीमने एक शिकाऊ का घेऊ नये? त्याला चाचणीचं वेगळं खातं द्या, खर्चाला मर्यादा घाला, रात्रीच्या फोनवर आधी नुसता ऐकायला बसवा. कॉलेजांनी कुलूप लावलेल्या खोलीचा पैसा मुलांच्या खात्यांवर टाकला, तर सोलापूरच्या त्या मुलालाही चुकता येईल. मी हे घडायची वाट बघत बसणार नाही, मुलांनाही बसू देणार नाही. ते आजच सुरू करू शकतात.

साशंक : इथेच आपलं अजूनही जुळत नाही. तुम्ही मुलांना "थांबू नका" म्हणता, आणि त्यातली तुमची तळमळ मला कळते. पण पायरी नसताना उडी मारा म्हटलं की न पोचणाऱ्याला वाटतं, आपल्यातच काही कमी होतं. क्लास त्याला तेच सांगतो, आमच्याकडून जाणारं नकाराचं पत्रही तेच सांगतं. कंपन्या एक शिकाऊ का घेत नाहीत, तर शिकवलेला मुलगा वर्षभरात जास्त पॅकेजवर दुसरीकडे जातो. तोटा एकीचा, फायदा दुसरीचा. सगळ्यांनी एकदम शिकवायला घेतलं तरच हे परवडतं, आणि सगळे एकदम हलत नाहीत. तुमच्या अप्रेंटिसच्या सूचनेवर मी माझ्या कंपनीत बोलेन. काय होईल ते सांगता येत नाही.

उत्साही : आणि उद्या सकाळी कुणी तुम्हालाच विचारलं, "सर, क्लाउड शिकू का?" तर?

साशंक : तर आता मी नाही म्हणणार नाही. सांगेन की आधी एक लिनक्सचं यंत्र चालव, मग एकाच क्लाउडवर एकच गोष्ट उभी कर, पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लाव, मुद्दाम मोडून बघ, आणि मोडलेलं सगळं लिहून ठेव. सर्टिफिकेट घ्यायचं तर त्यानंतर घे, चाळणीतून जाण्यापुरतं. क्लासने नोकरीची हमी दिली तर उठून ये. आणि मुलाखतीला माझ्यासमोर आलास तर काय काय येतं हे मी नंतर विचारीन, आधी विचारीन, काय बिघडवलंस आणि परत कसं उभं केलंस. पण ज्याच्याकडे बिघडवायला स्वतःचे अडीच हजार नाहीत आणि शेजारी "आमच्या शिफ्टकडून झालं" म्हणणारं कुणी नाही, तो या प्रश्नाचं उत्तर कुठून आणणार? त्याला काय सांगायचं, ते मला अजून ठाऊक नाही.